तिसरं ‘नको’

जानेवारीतल्या त्या रविवारी मारिट ट्वेटनने वडिलांना दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. एल्व्हरम गावात यापेक्षा मोठा गुन्हा करायचा असेल, तर चर्चमध्ये उशिरा येऊन पहिल्या बाकावर जाऊन बसावं लागतं.

दुपारचे दोन वाजले होते. गॅरेजच्या दाराला आतल्या बाजूनेही बर्फ धरलं होतं. ऑर्लिन ट्वेटन, वय अठ्ठ्याहत्तर, कानटोपी घालून स्वतः बनवलेल्या टेबलासमोर उभे होते. टेबलाच्या मधोमध एक चौकोनी भगदाड होतं आणि त्या भगदाडात बसवायची जाड काळी प्लेट त्यांच्या हातात होती.

“आली एकदाची,” ते म्हणाले. “आता मशीन टांगायचं.”

मशीन म्हणजे राउटर. एरवी ते दोन्ही हातांनी धरून लाकडावर फिरवायचं. त्याचं पातं खालच्या अंगाला गरगरतं आणि लाकडात खाच पडते. पण तुकडा लहान असला तर मशीन त्यावर धड बसत नाही. मग सगळंच उलटं करायचं. मशीन टेबलाखाली पाय वर करून टांगायचं, पातं प्लेटमधून वर काढायचं आणि तुकडाच त्यावरून सरकवायचा. त्यासाठी प्लेटला तीन भोकं पाडायची आणि तीन स्क्रू पिळायचे. ऐकायला काम अर्ध्या तासाचं वाटतं.

बाजूला अक्रोडाच्या लाकडाचे सहा तुकडे ओळीने मांडले होते. चार बाजू, एक बूड, एक झाकण. कडा इतक्या सरळ की बोट फिरवायची भीती वाटावी.

“काय करताय?” मारिटने विचारलं.

“डबा.”

“कसला?”

“माझा.”

मारिटने विषय बदलला. रस्त्यांची काय अवस्था आहे, हा विषय त्या गावात नेहमीच तयार असतो.

“हे धूड सोळा पौंडांचं आहे,” ऑर्लिन जरा वेळाने टेबलाकडे बघत म्हणाले. “खालून एकानं धरायचं, वरून एकानं स्क्रू पिळायचे. दोन माणसांचं काम.”

“थांबू का मी? मी धरते खालून.”

“नको नको. तुला उशीर होईल.”

“नाही होत हो. थांबते ना.”

“नको. अंधार पडला की रस्ता घसरडा होतो.”

एल्व्हरममध्ये कोणी काही विचारलं, की पहिलं ‘नको’ रीत म्हणून म्हणायचं असतं. दुसरं संकोच म्हणून. खरं उत्तर तिसऱ्या खेपेला द्यायचं. कॉफीपासून लग्नाच्या मागणीपर्यंत सगळं याच नियमाने चालतं, आणि नियम कोणी कोणाला शिकवत नाही. मारिट या नियमात वाढली होती. पण गेली पंचवीस वर्षं ती मिनियापोलिसला एका मोठ्या वाचनालयात नोकरी करत होती. शहरात माणसं पहिल्याच खेपेला खरं बोलतात आणि त्याची सवय लागते. सोमवारी सकाळी नऊला बैठक होती. तिने घड्याळ पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली. “मग पुढच्या महिन्यात आले की करू.”

“हं,” ऑर्लिन म्हणाले.

या ‘हं’वर त्या माणसाने अठ्ठ्याहत्तर वर्षं काढली होती. निरोप घेण्यात नेहमीप्रमाणे पाऊण तास गेला. थोडा दारात, थोडा पायरीवर, बराचसा गाडीच्या खिडकीशी. शेवटी त्यांनी गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, “हरणांकडे लक्ष ठेव.” यापलीकडे जाऊन आपल्या मुलीवरची माया बोलून दाखवणारा बाप त्या जिल्ह्यात झाला नाही.

गुरुवारी सकाळी शेजारच्या डेल्बर्टचा फोन आला.

“मारिट, तुझे वडील आठ वाजता टपालपेटीपाशी दिसले. जरा बरे नव्हते दिसत.”

“म्हणजे कसे?”

“म्हणजे आडवे.”

“मग? डॉक्टर आले का?”

“येऊन गेले. घाई करू नकोस येताना. आता तशी घाई नाही. मला एक कळत नाही, टपाल येतं अकराला. आठ वाजता हा तिथे काय करत होता?”

चर्चच्या तळघरात कॉफी, हॅमची सँडविचं आणि खिम्यावर बटाट्याच्या गोळ्या रचून भाजलेलं हॉटडिश असं रीतसर जेवण झालं. लोक मारिटला म्हणाले, “तसे बरेच जगले.” कोणीतरी म्हणालं, “फार काटेकोर माणूस. ऑर्लिनच्या हातून कधी तुकडा फुकट गेला नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मारिटनेही डोलावली. तो काटेकोरपणा तिला ठाऊक होता.

पण पुरणार कुठे? जमीन चार फूट खोल गोठलेली. त्या भागात हिवाळ्यात गेलेल्या माणसाला वसंताची वाट बघावी लागते. ऑर्लिनची राख घरी आली ती काळ्या प्लास्टिकच्या डब्यात. ऑर्लिनची थोरली बहीण आर्डिस, वय एक्याऐंशी, हिने तो डबा पियानोवर ठेवला आणि लांब जाऊन बघितला.

“खिळ्यांचा डबा दिसतोय,” ती म्हणाली. “त्याला प्लास्टिक कधी आवडलं नाही गं.”

“त्यांनी स्वतःचा डबा करायला घेतला होता, आत्या. अक्रोडाचा. खाचा तेवढ्या राहिल्यात.”

“मग त्यातच जाऊ दे त्याला.”

झालं. मारिटने जन्मात कधी एवढं सोपं वचन दिलं नव्हतं. जमीन मोकळी होईपर्यंत डबा तयार हवा होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी टपालाने एक पार्सल आलं. आत नवीकोरी काळी प्लेट. अगदी त्या रविवारी ऑर्लिनच्या हातात होती तशीच.

“ही तर त्यांच्याकडे होती!” मारिट म्हणाली. “मी पाहिलीय. परत कशाला मागवली?”

पहिली प्लेट शोधायला मारिट, आत्या आणि डेल्बर्ट अशा तिघांनी गॅरेज पालथं घातलं. ती कुठेच नव्हती. टेबलाखाली मात्र गाडी उचलायचा जॅक सापडला. त्याच्या डोक्यावर न्हाणीघरातल्या टॉवेलची घडी नीट ठेवलेली होती. गाडीचा जॅक, टॉवेल घालून, टेबलाखाली. आत्याने टॉवेल ओळखला आणि धुवायला नेला.

 परतीच्या तीन तासांच्या रस्त्यात मारिटच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. डॅड विसरायला लागले होते. आलेली वस्तू पुन्हा मागवायची, भलती वस्तू भलत्या जागी ठेवायची, टपालाची वेळ चुकवायची. हे दिवसाढवळ्या चाललं होतं, आणि दर महिन्याला येऊन जाणाऱ्या मुलीला दिसलं नव्हतं. तिला पुस्तकातलं दुःख तीनशे पानं आधीच ओळखता यायचं.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी आठवड्याची रजा काढून ती परत आली. डेल्बर्ट कुंपणापाशीच उभा होता.

“माझ्याकडे टेबल आहे,” तो म्हणाला. “मशीन लावलेलं, तयार. घेऊन ये तुकडे. दहा मिनिटांत खाचा पाडून देतो.”

“नको, डेल्बर्ट. कशाला तुम्हाला त्रास.”

“त्रास कसला. आण.”

“नको हो, राहू दे.”

“बघ बाई, शेवटचं विचारतो.”

“नको,” मारिट म्हणाली. “त्यांच्याच टेबलावर करायचंय. त्यांचंच मशीन लावून.”

तिसरं ‘नको’ ऐकून डेल्बर्टने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. “मग मी बघायला येतो,” तो म्हणाला.

आर्डिस आत्या आली ती प्लास्टिकचा काळा डबा काखेत मारून.

“हे कशाला आणलंस?”

“मापाला नको? डबा झाल्यावर आत मावला नाही तर?” तिने तो खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला आणि त्याला म्हणाली, “बस इथे. आणि मध्ये बोलू नकोस.”

मारिटने कामाला हात घातला. मशीनच्या बुडाला एक काळी चकती असते, तिच्यावर ते लाकडावरून सरकतं. तीन स्क्रू काढले की चकती सुटते. तीच प्लेटवर ठेवायची आणि तिच्या भोकांमधून प्लेटला भोकं पाडायची. ऑर्लिनचं मशीन एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचं. त्या काळी बनवणाऱ्याच्या मनात काय आलं देव जाणे, पण तीन भोकांची एकमेकांपासूनची अंतरं तीन तऱ्हांची होती.

हे काम मारिट पहिल्यांदा करत नव्हती. अकरा वर्षांची असताना ती याच गॅरेजमध्ये, असल्याच टेबलासमोर उभी होती. डॅडनी चकती प्लेटवर ठेवली होती, मशीन लाकडावर बसतं अगदी तशी, आणि म्हणाले होते, “दोन्ही अंगठ्यांनी दाबून धर. हलू देऊ नकोस.” तिने श्वाससुद्धा रोखून धरला होता. भोकं पडली. डॅडनी मशीन लावून बघितलं. दोन स्क्रू बसले, तिसरा बसेना.  मग म्हणाले, “हं.” आणि मग, “जा, आत आईला हातभार लाव.”

ती गेली. अंगठा हलला असणार. पुन्हा त्यांनी बोलावलं नाही आणि तीही आली नाही. गॅरेजचं एक माणूस कमी झालं आणि गावच्या वाचनालयाचं एक वाढलं. पुढचा सगळा जन्म, म्हणजे नोकरी, शहर आणि मोडलेलं लग्न, हे त्या एका अंगठ्यापर्यंत मागे नेता येतं, असं तिला पहाटे कधीमधी वाटायचं.

या वेळी अंगठ्यावर विसंबायचं नाही, असं तिने ठरवलं. चकती तिने प्लेटवर डॅडनी ठेवली होती तशीच्या तशी ठेवली आणि चार शिकंज्यांनी, म्हणजे क्लॅम्पनी, आवळून टाकली. भूकंप झाला असता तरी हलली नसती.

डेल्बर्ट मान तिरकी करून बघत होता. “हे जरा वेगळं आहे,” तो म्हणाला.

“हो ना?” मारिट म्हणाली. तिला बरं वाटलं.

“नाही, म्हणजे, बरंच वेगळं आहे.”

“आभारी आहे.”

आर्डिस आत्याने डेल्बर्टकडे बघितलं. डेल्बर्टने छताकडे बघितलं. एल्व्हरममध्ये एखाद्याच्या घराला आग लागली तरी शेजारी ‘वेगळं दिसतंय’ एवढंच म्हणेल. तिथे यापेक्षा कडक शब्द नाही. पंचवीस वर्षांपूर्वी हे मारिटला कळलं असतं. तिने ड्रिल चालू केलं. तीन भोकं पडली, स्वच्छ, गोल. स्क्रूची डोकी बुडावीत म्हणून तिने वरून त्यांना खोलगट तोंडंही पाडली. मग प्लेट उचलून तिला खालून मशीन लावून बघितलं.

दोन भोकं जुळली. तिसरं बोटभर लांब राहिलं.

तिने प्लेट फिरवली. दुसरी दोन जुळली, पहिलं राहिलं. पुन्हा फिरवली. गॅरेजमध्ये कोणी काही बोललं नाही. स्टुलावरचा डबा तर मुळीच नाही.

“मी म्हटलं होतं,” डेल्बर्ट हळूच म्हणाला, “वेगळं आहे.”

“वेगळं म्हणजे चूक, असं म्हणायचं होतं का तुम्हाला?”

“अगदी तसंच नाही म्हणायचं होतं.”

“मग?”

“हो, तसंच म्हणायचं होतं.”

“अहो, पण मी चकती बरोबर ठेवली! मशीन लाकडावर जसं बसतं तशी!”

“वर बसणार असतं तर बरोबर होतं. ते खालून लटकणार आहे, पोरी. पाय वर. डाव्याचं उजवं होतं. चकती पालथी घालायला हवी होती.” त्याने हातमोजे काढून डावा मोजा उजव्या हातात घालून दाखवला. अंगठा भलतीकडे लोंबला.

“मग प्लेटच पालथी करू.”

“कशी करशील? स्क्रूची तोंडं वरून पाडलीस. मध्ये पात्याभोवती कडं बसतं, त्याची खोबणही वरच्याच अंगाला आहे.”

मारिट खोक्यावर बसली. एकोणपन्नासाव्या वर्षी, चार शिकंजे लावून, ती पुन्हा तिथेच येऊन पोचली होती.

“मी जन्मजातच अशी असणार,” ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चर्चमधून पाद्रीबाई बोलत होत्या. जमीन मोकळी झालीय, खोदणारा माणूस मिळालाय, शनिवारी दोन तारखेला सकाळी अकराला चालेल का? मारिटने फोनवर हात ठेवून आत्याकडे बघितलं.

“चालेल म्हण. लिहून ठेवते मी, नाहीतर विसरेन,” आत्या म्हणाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. धान्याच्या कोठारवाल्यांनी दिलेलं ते कॅलेंडर वर्षानुवर्षं त्याच खिळ्यावर असायचं. वर्ष बदलायचं, खिळा तोच. यंदाचं अजून जानेवारीवरच होतं. आत्याने मे काढायला पानं उलटली आणि ते एका अंगाला कललं.

“हे इतकं फुगलंय कशानं?” तिने ते खिळ्यावरून काढायला हात घातला.

खडखडाट झाला. कॅलेंडर आत्याच्या हातात आलं आणि बाकीचं सगळं जमिनीवर पसरलं.

चार प्लेटा होत्या. एक दाबलेल्या भुशाच्या हार्डबोर्डची, काळवंडलेली. एक ॲल्युमिनियमची. एक पिवळी पडलेली पारदर्शक प्लास्टिकची. आणि एक काळी, नवी.

मारिटने काळी उचलली. तिला तीन भोकं होती. तिने ती आपल्या प्लेटवर ठेवून खिडकीकडे धरली. तिन्ही भोकांमधून एप्रिलचा उजेड आरपार आला. केसाचाही फरक नव्हता.

“बुडाला बघ,” आत्या म्हणाली. त्या गावात कोणाच्याही घरून जेवण आलं की भांडं धुऊन आधी उलटं करतात. बुडाला चिकटपट्टीवर नाव असतं. मारिटने प्लेट उलटी केली. पेन्सिलने, ऑर्लिनच्या ठसठशीत अक्षरात, तारीख होती. तेरा जानेवारी.

म्हणजे मंगळवार. रविवारी ती गेली, मंगळवारी त्यांनी एकट्याने भोकं पाडली, उलटी पाडली, प्लेट इथे दडवली आणि त्याच दिवशी दुसरी मागवली. बुधवारी आणि गुरुवारी ते टपालपेटीकडे जात होते. अकराच्या टपालाला आठ वाजता. ते काही विसरत नव्हते. त्यांना सगळं चांगलं लक्षात होतं.

“बाकीच्यांवर काय आहे?” डेल्बर्टने विचारलं.

प्लास्टिकच्या प्लेटवर २००३ होतं. ॲल्युमिनियमच्या प्लेटवर ऑगस्ट १९८८. तेव्हा मारिट अकरा वर्षांची होती. ती त्या प्लेटकडे नुसती बघत राहिली. दोन अंगठे मावतील एवढी जागा तिच्या कडेला अजून होती. मग तिने सगळ्यांत जुनी, हार्डबोर्डची उचलली. त्यावर १९७४ होतं. मारिटच्या जन्माला तेव्हा तीन वर्षं अवकाश होता.

चारही प्लेटा एकावर एक ठेवल्या तर भोकं जुळत होती. बावन्न वर्षांत त्या काटेकोर माणसाने एकच चूक केली होती, पण तीही काटेकोरपणे.

आर्डिस आत्या स्टुलाकडे वळली. “तरीच! आरशात बघून त्याला कधी टाय बांधता आला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी बांधला.” मग डब्यावर बोट रोखून म्हणाली, “आणि आम्हाला सगळ्यांना शिकवायचास रे!”

डेल्बर्टला हसू आवरेना. “माझं टेबल लावलं तेव्हा तीन तास मला दम देत होता! माझी भोकं बरोबर पडली तर म्हणाला, ‘हं.’ मला वाटलं नावं ठेवतोय.”

मारिटही हसली. पण हसता हसता तिला भयंकर राग आला. कोणाचा, ते कळेना. हातातली प्लेट तिला दाराबाहेर भिरकावून द्यावीशी वाटली. चाळीसएक वर्षं कॅलेंडरमागे ठेवण्यापेक्षा एकदा जेवताना बोलून टाकायला काय झालं होतं? ‘तुझा अंगठा नव्हता.’ तीन शब्द. गावाच्या नियमाप्रमाणे दोनदा टाळून तिसऱ्यांदा बोलले असते तरी तिला चाललं असतं.

“आता गं?” आत्या म्हणाली. “शनिवारपर्यंत तिसरी कुठून यायची?”

“तिसरी कशाला हवी?” डेल्बर्ट म्हणाला. “आहे तिलाच शेजारी दुसरी तीन भोकं पाडायची. चकती पालथी घालून, जराशी फिरवून. चुकीची राहतील उघडी. त्यानं काय बिघडतं? खाच तर सरळ पडते.”

“मग त्यांनी असं का नाही केलं?”

“दिसली असती ना चुकीची.”

दोन सारख्याच प्लेटा टेबलावर होत्या. मारिटने क्षणभर विचार केला आणि तेरा जानेवारीची उचलली. चकती पालथी ठेवली. आत्याने “बरोबर का?” असं डेल्बर्टला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मारिटने विचारलं आणि तो म्हणाला, “हो. वेगळं नाही आता.” तीन भोकं पडली. तिन्ही जुळली.

राहिलं टांगायचं. डेल्बर्टचा गुडघा वाकत नव्हता. मारिट पुठ्ठा अंथरून टेबलाखाली उताणी झाली आणि सोळा पौंडांचं मशीन दोन्ही हातांनी वर धरलं. वरून आत्याने पहिला स्क्रू लावला, मग चष्मा शोधायला गेली. तो डोक्यावरच होता. दुसरा स्क्रू घरंगळून मारिटच्या गळ्यापाशी पडला. जुना भुसा मशीनच्या फटींतून तिच्या डोळ्यांत झरत होता. मशीन हळूहळू खाली उतरायला लागलं.

“उचल जरासं,” डेल्बर्ट वरून म्हणाला. “अजून. बस, तिथेच धर.”

तिथेच धर. मारिटने मान वळवली. तिच्या खांद्याशी, जमिनीवरच्या भुशात, एक चौकोनी ठसा उमटलेला होता. जॅकचा. बरोबर मशीनच्या खाली, आत्ता ती पडली होती तिथेच. त्याच्यावर तेव्हा मऊ टॉवेलची घडी होती. एकट्या माणसाने सोळा पौंड वर तोलून धरायला केलेली सोय. म्हणजे ती जागा तिची होती, आणि तिच्या जागी त्यांनी टॉवेल घातलेला जॅक उभा केला होता.

“काय गं, जड झालं का?” आत्याने विचारलं.

“नाही. तू पिळ.”

खरं सांगायचं तर त्या रविवारी ती थांबली असती तरी काय झालं असतं? डॅडनी चकती उलटीच ठेवली असती. तिने अंगठ्यांनी दाबून धरली असती. भोकं चुकली असती, “हं” झालं असतं, आणि ती रडवेली होऊन अंधारात तीन तास गाडी चालवत घरी गेली असती. गुरुवारही कदाचित आला तसाच आला असता. एवढंच, की मंगळवारी ते एकटे नसते चुकले.

शुक्रवारी दुपारपर्यंत खाचा पडल्या. उलट्या टांगलेल्या मशीनवर तुकडाही उलट्या दिशेने, उजवीकडून डावीकडे सरकवायचा असतो, हे डेल्बर्टने या वेळी सरळ शब्दांत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लाजला. बूड खाचेत बसलं, बाजू जुळल्या, सरस लागला. आत्याने काळा डबा आत घालून बघितला. दोन्ही बाजूंना एक एक बोट मोकळं राहिलं. ऑर्लिनने स्वतःचं माप बरोबर घेतलं होतं.

डेल्बर्टला कॉफी विचारली. त्याने दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा आत्यामागोमाग स्वयंपाकघरात गेला.

मारिट गॅरेजमध्ये एकटी राहिली. तिने स्वतःची चुकलेली प्लेट उलटी करून बुडाला पेन्सिलने तारीख घातली. पाचही प्लेटा... नव्हे, आता चारच. एक टेबलात गेली होती, तीन चुकीची भोकं सगळ्या जगाला दाखवत. चार प्लेटा तिने खिळ्याला अडकवल्या आणि वर मे महिना टांगला.

काळा डबा परत स्टुलावर होता. ती त्याच्यासमोर खोकं ओढून बसली.

“भोकं तुम्ही उलटी पाडलीत,” ती म्हणाली. “चारही वेळा. मी नीट धरली होती.”

‘हं’ आलं नाही.

तिला वाटलं होतं हे म्हटलं की संपेल.  पण म्हणून झाल्यावर ते अगदीच किरकोळ वाटलं. आतून आत्याच्या कपबशांचा आवाज येत होता. अजून ऊन होतं, रस्ता कोरडा होता, हरणं निघायला वेळ होता. तिने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर, त्या सहा भोकांच्या शेजारी ठेवली.

“डॅड,” ती म्हणाली, “थांबू का मी?”